निम्मी चूक

"हात नको लावू अजून. आधी वास घे," लॉइड म्हणाला.

त्याने मशीनच्या बाजूचं झाकण उघडून धरलं होतं. मी वाकले. जळक्या रबराचा, किंचित गोडसर वास आला.

"इंजिनचा पट्टा घसरतोय," मी म्हणाले. "बदलायला झालाय. आणि पुलीवर काळा थर बसलाय, तो घासून काढावा लागेल."

लॉइडने माझ्याकडे बघितलं, मग निरंजनकडे. निरंजन हसला. "माझ्याकडे बघू नका. मी औषधं देतो लोकांना. मला फक्त चालवायला शिकायचंय. मशीन तिचं."

ही गोष्ट दोन हजार अकराच्या नोव्हेंबरातली. कॅनडाच्या पश्चिम टोकाला डोंगरात आल्डर क्रीक नावाचं चार हजार वस्तीचं गाव आहे, तिथे आम्हाला येऊन दोन वर्षं झाली होती. माझा नवरा निरंजन गावातल्या औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होता आणि मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त काढायचं, तपासायचं काम करत होते. पाच महिने बर्फ. त्या पाच महिन्यांत गावातली माणसं हवामान सोडलं तर एकाच विषयावर बोलायची, ते म्हणजे स्नोमोबील. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा, वर मोटरसायकलसारखं सीट आणि हँडल. त्यातही डोंगरात चढायची वेगळी. तिचा मागचा पट्टा लांब असतो आणि त्याला बोटभर उंचीचे रबरी दात असतात, म्हणजे कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फातही ती वर तरंगते.

लॉइडची तशी होती, तेरा वर्षांची. तो एकाहत्तर वर्षांचा होता. जन्मभर लाकडाचे ट्रक चालवले होते. पाठीचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी मशीनवर बसायचं नाही म्हणून सांगितलं, म्हणून तो विकत होता. विकणारा माणूस सहसा दोष लपवतो. लॉइडने एकेक बोट मोडत सगळे दोष सांगितले. डावी स्की वाकडी आहे. मागचं एक बेअरिंग आवाज करतं. सीट फाटलंय. शेवटी त्याने हँडलजवळच्या एका लाल टोपीवर बोट ठेवलं.

"हा दोरीचा स्विच. हा खराब आहे."

दोरीचं एक टोक चालवणाऱ्याच्या जॅकेटला अडकवायचं, दुसऱ्या टोकाची टोपी या स्विचवर बसवायची. माणूस मशीनवरून पडला की दोरी ताणली जाते, टोपी निघते आणि इंजिन बंद पडतं.

"याचं उलटं झालंय," लॉइड म्हणाला. "टोपी बसलेली असली तरी मध्येच इंजिन बंद पाडतो. नवा टाक. आणि नवा येईपर्यंत वायरी काढून चालवू नकोस. इथे बरेच जण तसं करतात."

"नाही करणार," मी म्हणाले.

माझ्या वडिलांचं, आप्पांचं, गडहिंग्लजला दुचाकींचं गॅरेज होतं. चौगुले ऑटो. बाराव्या वर्षी मी टू-स्ट्रोकचा कार्बुरेटर उघडून, धुऊन, परत बसवू शकत होते. कॉलेजला गेल्यावर ते सुटलं. मुलीच्या नखांत ग्रीस बरं दिसत नाही असं आईचं म्हणणं होतं, आणि आप्पांनी तिला विरोध केला नाही. त्यामुळे त्या नोव्हेंबरात घराशेजारच्या आमच्या गॅरेजमध्ये हीटर लावून मी पहिल्यांदा त्या मशीनचं बॉनेट उचललं तेव्हा मला काय झालं ते सांगणं अवघड आहे. एवढंच सांगते की मी जेवायला आत गेले नाही.

आप्पांना फोनवर सांगितलं.

"किती सीसी म्हणालीस?"

"सातशे."

"आणि चाकं न्हाईत?"

"एक पट्टा आहे. बर्फावर चालायचा."

"बरं बरं. ब्रेक बघितलास न्हवं आधी?"

"बघितला, आप्पा."

इंजिनचा पट्टा बदलला. पुल्या घासल्या. वाकडी स्की काढून सरळ करून घेतली. साखळीच्या डब्यातलं तेल बदललं, त्यात लोखंडाचा चुरा निघाला, म्हणून डबा पुन्हा धुतला. हे सगळं दुरुस्तीचं होतं. मग मी सुधारणांकडे वळले. मागची सामान ठेवायची जाळी काढून वजन कमी केलं. हँडल चार बोटं उंच केलं, कारण डोंगरात उभं राहून चालवावं लागतं. जुना मागचा पट्टा काढून जास्त लांब दातांचा बसवला, त्याला तीन संध्याकाळी गेल्या. उंचावर हवा विरळ असते, तिथे इंजिनला श्वास कमी पडतो, म्हणून बॉनेटला दोन्ही बाजूंनी भोकं पाडून त्यांवर बारीक जाळी लावली. ही माझी स्वतःची कल्पना होती. लॉइड बघायला आला तेव्हा त्याने भोकांवरून अंगठा फिरवला.

"भुसभुशीत बर्फ आत जाईल," तो म्हणाला.

"जाळी आहे ना."

"पिठासारखा असतो तो. बघ बाई." एवढंच म्हणून त्याने थर्मासमधली कॉफी ओतली. तो दर रविवारी यायचा. मशीन विकल्यावर त्याला जास्तच मजा येऊ लागली होती असं मला वाटतं.

निरंजनने शिकायला सुरुवात केली ती त्याच्या पद्धतीने. मशीनचं जुनं पुस्तक दोनदा वाचलं, एका कार्डावर नऊ गोष्टी लिहून काढल्या आणि ते कार्ड जॅकेटच्या खिशात ठेवलं. दर वेळी बसण्याआधी वाचायचा. पहिली ओळ दोरीची होती. ती अडकवून तो दोनदा ओढून बघायचा. औषधाच्या बाटलीवरचं नाव जसं तीनदा वाचायची त्याला सवय, तसंच हे.

जानेवारीत स्विचने त्रास द्यायला सुरुवात केली. चढावर अर्ध्यात इंजिन बंद पडायचं, मशीन बर्फात रुतायचं. मग फावड्याने अर्धा तास उकरा. मी नवा स्विच मागवला. इतक्या जुन्या मॉडेलचा, म्हणून तीन आठवडे लागतील असं उत्तर आलं. एका शनिवारी दुपारी मशीन चार वेळा बंद पडलं. निरंजन घामाने भिजला होता आणि चौथ्या वेळी तो म्हणाला, "आपल्याला नाही जमायचं हे. विकून टाकू."

त्या संध्याकाळी मी स्विचच्या दोन वायरी सोडवल्या आणि टोकांना टेप गुंडाळली. दहा मिनिटांचं काम. लाल टोपी, दोरी, सगळं होतं तिथेच राहिलं, फक्त आता त्याचा इंजिनाशी संबंध नव्हता. नवा स्विच येईपर्यंत, दोनच आठवड्यांचा प्रश्न होता. निरंजनला सांगितलं असतं तर तो बसलाच नसता. मी त्याला म्हटलं, "स्विच साफ केलाय. आता नाही बंद पडणार."

नाहीच पडलं.

पुढच्या रविवारी आम्ही जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्याच्या टोकाला गेलो. तिथे बर्फ साफ केलेलं मैदान होतं, गाड्या आणि ट्रेलर लावायला. मैदानाच्या वर मोकळा उतार. लॉइड आपल्या ट्रेलरच्या मागे उभा राहून कॉफी पीत होता. आणखी एक कुटुंब होतं, त्यांची गाडी दूर होती. रात्रभर नवा बर्फ पडला होता, अगदी कोरडा.

निरंजन मला मागे बसवून वर गेला. मी वरच उतरले, कारण उतारावर आडवं जायला शिकताना मागे माणूस नको. त्याने खिशातून कार्ड काढलं, वाचलं, ठेवलं आणि निघाला. पहिली फेरी छान झाली. मी वरून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या फेरीत तो मधल्या खोलगट भागातून गेला तेव्हा बर्फाची भुकटी त्याच्या छातीपर्यंत उडाली. मग इंजिनचा आवाज बदलला. आवाज वर चढला आणि खाली आलाच नाही. लहानपणापासून ऐकलेला आवाज होता तो. ॲक्सिलरेटर अडकला होता.

निरंजनने वळायचा प्रयत्न केला आणि तो डोंगराच्या बाजूला पडला. मशीन थांबलं नाही. एकदा डुललं, सरळ झालं आणि उतारावरून खाली मैदानाकडे गेलं.

मी घसरत, पडत निरंजनपाशी पोचले. तो गुडघ्यांवर बसला होता. "मला काही झालं नाही," तो म्हणत होता, "मला काही झालं नाही, मशीन बघ." मी त्याला उभं केलं. त्याच्या अंगावरचा बर्फ झाडला. हेल्मेट, खांदे, छाती, कमर. मग आम्हाला खालून ओरडणं ऐकू आलं.

मशीन आणि ट्रेलर यांच्यामध्ये लॉइडचा डावा पाय सापडला होता.

दुसऱ्या कुटुंबातल्या माणसाने मशीन बंद केलं होतं. आम्ही चौघांनी मिळून ते मागे ओढलं. लॉइड शुद्धीवर होता. पायाकडे बघत नव्हता, आकाशाकडे बघत होता. निरंजनने आपला कमरेचा पट्टा काढून त्याच्या मांडीला आवळला आणि अँब्युलन्स येईपर्यंत, चाळीस मिनिटं, तो तसाच धरून बसला.

"जॅकेटला दोरी नाही. मी दोरी लावली नव्हती," तो मला अँब्युलन्सच्या मागे जाताना म्हणाला. मी गाडी चालवत होते. "दोरी लावली असती तर बंद पडलं असतं. पहिल्या फेरीला लावली होती. मग तू टाळ्या वाजवल्यास म्हणून हात वर केला, तेव्हा जॅकेटच्या कडीतून सुटली असेल. मी पुन्हा बघितलं नाही."

"आता त्याचा विचार नको," मी म्हणाले.

पोलिसांनाही त्याने तेच सांगितलं. लॉइडने अपघात म्हणून सांगितलं आणि तशीच नोंद झाली.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मोठ्या शहरात ऑपरेशन झालं आणि दहा दिवसांनी लॉइड आमच्या गावच्या हॉस्पिटलात परत आला. सकाळच्या फेरीला रक्त काढायचं काम माझं. काही दिवसांनी एका सकाळी मी ट्रॉली घेऊन आत गेले. त्याने बाही वर केली. मी पट्टी बांधली, शीर शोधली. सुई आत गेल्यावर तो बोलला.

"नवा स्विच आला?"

मी नळी बदलली. "आला. अपघातानंतर चौथ्या दिवशी."

"म्हणजे त्या दिवशी जुनाच होता, आणि मशीन एकदाही मध्येच बंद पडलं नाही. तू वायरी काढल्या होत्यास."

"हो."

"त्याला माहीत आहे?"

"नाही."

मी सुई काढली, कापूस दाबून धरला. त्याने दुसऱ्या हाताने माझा हात बाजूला केला आणि स्वतः कापूस धरला.

"तो रोज दुकान बंद करून इथे येतो," लॉइड म्हणाला. "त्या खुर्चीवर बसतो. काही बोलत नाही, रडतो. मला सवय नाही पुरुषाला असं रडताना बघायची. माझा पाय गेला तो गेला. मी कुणाला काही सांगणार नाही. पण त्याला तू सांग. रविवारपर्यंत सांग, नाहीतर मी सांगेन."

शनिवारी सकाळी मी सांगितलं. निरंजन स्वयंपाकघरात लॉइडसाठी सूप करत होता, गाजरं चिरत होता. मी सगळं सांगितलं. वायरी, टेप, त्याला खोटं बोलले ते, भोकांतून बर्फ आत गेला असणार तेही. त्याने सुरी खाली ठेवली. खुर्चीवर बसला. गॅसवरचं पाणी उकळून उतू गेलं तेव्हा मी उठून बंद केलं.

"मला सांगायला हवं होतंस," तो म्हणाला.

"हो."

"मी बसलो नसतो."

"म्हणूनच नाही सांगितलं."

तो उठला, माझ्यासमोर आला, आणि माझा हात हातात घेतला. त्याचे हात गाजरांनी ओले होते.

"हे बघ, वैजू. स्विच तू काढलास. पण मीही दोरी लावली नव्हती. स्विच चांगला असता तरी ते मशीन थांबलंच नसतं. म्हणजे तुझी निम्मी चूक, माझी निम्मी. एकटीने सगळं डोक्यावर घेऊ नकोस."

त्याच्या आवाजात मला सुटल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. इतके दिवस तो एकटा होता, आता आम्ही दोघं होतो. मी मान हलवली. "निम्मी निम्मी," मी म्हणाले.

दोरी त्याने लावलेली होती.

उतारावर मी त्याला उभं केलं तेव्हा ती त्याच्या जॅकेटच्या कडीला लोंबत होती, टोकाला लाल टोपी. त्याने कार्ड वाचलं होतं, दोरी लावली होती, दोनदा ओढूनही बघितली असेल. पडला तेव्हा टोपी नीट निघाली होती. त्याने करायचं ते सगळं केलं होतं. मी बर्फ झाडता झाडता कडी उघडली आणि दोरी माझ्या खिशात टाकली. हातमोजे घालून ती कडी उघडणं सोपं नाही. मी उजव्या हाताचा मोजा दातांनी काढला होता. त्याला काही कळलं नाही. मशीन कुणावर आदळलंय हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं. कुणाला लागलं आहे हे कळण्याआधीच मी ते केलं. दुसऱ्या दिवशी दोरी लॅबच्या पिवळ्या पिशवीत टाकली. त्या पिशव्या जळायला जातात.

शनिवारी स्वयंपाकघरात ते सांगायचं राहिलं असं नाही. त्याने निम्मी चूक मागून घेतली आणि मी ती दिली.

पुढची चार वर्षं आम्ही तिथेच राहिलो. लॉइडला कृत्रिम पाय बसला, तो काठी घेऊन चालायला लागला, दुकानात येऊन निरंजनची थट्टा करायला लागला. निरंजन मात्र बदलला. गाडी चालवणं त्याने जवळजवळ सोडलं. घरातून निघताना गॅस बघायचा, दाराशी जाऊन परत यायचा आणि पुन्हा बघायचा. दुकानात एकेक औषध इतक्या वेळा तपासायचा की लोकांची रांग लागायची. एकदा मला म्हणाला, "माझं लक्ष नसतं गं. मला कळतच नाही माझं लक्ष कधी सुटतं." तेव्हा आम्ही भांडी विसळत होतो. मी ताट पुसून ठेवलं.

दोन हजार सोळाच्या मार्चमध्ये लॉइड झोपेतच गेला, हृदयविकाराने. गावच्या हॉलमध्ये दुपारी सगळे जमले. त्याची मुलगी जोआन दुसऱ्या प्रांतातून आली होती. तिने विचारलं, कुणाला वडिलांबद्दल बोलायचंय का, आणि निरंजन उठला. मला कल्पना नव्हती. तो कागद न घेता बोलला.

"लॉइडचा पाय माझ्यामुळे गेला," तो म्हणाला. "मी एक दोरी लावायला विसरलो. त्यांनी मला त्याबद्दल एकदाही बोल लावला नाही. माझा विसराळूपणा त्यांनी मला माफ केला, मला अजून नाही करता आला."

माझ्या वायरींबद्दल तो अक्षरही बोलला नाही. लोकांनी त्याच्या पाठीवर थोपटलं. तो बाहेर हवा घ्यायला गेला. मी मागे गेले. पायऱ्यांवर मीठ टाकलेलं होतं, ते बुटांखाली करकरत होतं.

"निरंजन, तू दोरी लावली होतीस."

त्याला आधी समजलं नाही.

"लावली होतीस. तुझ्या जॅकेटला लोंबत होती. मी काढून घेतली."

"कधी?" त्याने विचारलं.

"तुला उभं केलं तेव्हा."

"बर्फ झाडत होतीस तेव्हा?"

"हो."

त्याने कठड्याला हात टेकला. "मी आईला फोनवर सांगितलं होतं," तो म्हणाला. "बाकी सगळं सोडून वैजू आधी माझ्याकडे धावली, माझ्या अंगावरचा बर्फ झाडत होती. त्या दिवसातलं तेवढंच एक मी..." त्याने वाक्य सोडून दिलं.

आतून कुणीतरी हसल्याचा आवाज आला. लॉइडची एखादी जुनी गोष्ट सांगत असावेत.

"आत जा," निरंजन म्हणाला. "जोआनला सांग."

"आत्ता?"

"मी आत्ताच तिच्यासमोर उभा राहून बोललोय. ते चूक होतं. जा, सांग."

जोआन स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी प्लेट्स एकावर एक रचत होती. मी आधी माझं नाव सांगितलं, जसं काही ती मला ओळखत नव्हती. मग सगळं सांगितलं. या वेळी सगळं. तिने मध्ये थांबवलं नाही.

"बाबांना माहीत होतं?" तिने शेवटी विचारलं.

"स्विचचं माहीत होतं. दोरीचं नाही."

"म्हणजे ते जाईपर्यंत त्यांना निरंजन विसरला असंच वाटत होतं."

"हो."

तिने हातातली प्लेट खाली ठेवली आणि कोट न घालता बाहेर गेली. खिडकीतून मला ते दोघं दिसत होते. ती बोलत होती. निरंजनने टोपी काढून हातात घेतली होती आणि मान खाली घालून ऐकत होता. मग त्याने मान वर केली. ती काय बोलली ते मी कधी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये तो बडोद्याला भावाकडे गेला. अडीच महिने फोन आला नाही, त्याच्या आईचा तेवढा एकदा आला. मशीन मी सुटे भाग विकणाऱ्या एकाला देऊन टाकलं. जूनच्या शेवटी निरंजन परत आला. येईल असं मला वाटलं नव्हतं. बॅग ठेवून चहा प्यायला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः गाडी चालवत दुकानात गेला.

आम्ही अजून एकत्र आहोत. गाडीचं बॉनेट आता तो उघडतो. पुस्तक समोर उघडं ठेवून सावकाश एकेक गोष्ट करतो, कधी चुकीचा पाना घेतो. मी शेजारी उभी राहते. त्याने विचारलं तर सांगते.